पोटवाली आत्या

पोलादपूरची आत्या घरी आली की नाव-गाव नंतर विचारायची, आधी बाईच्या पोटावर तळवा ठेवायची. ती माझ्या सासऱ्यांची बहीण. पंचक्रोशीतल्या बायका तिला पोटवाली आत्याच म्हणत.

एकोणीसशे साठच्या आसपास मी लग्न होऊन महाडला आले, ती हे पोट घेऊन. कधी चार दिवस रुसायचं, कधी दिवसभर पळवायचं. कळा मात्र दोन्हीकडे. अंगावरच्या सोन्यापेक्षा माझ्या दुखण्याचीच चर्चा जास्त. वैद्य झाले, दवाखाना झाला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "हिला माहेरी पोचवा." अशी पोचवलेली सून सहसा परत येत नसे.

आत्याने दार लोटलं, मला चटईवर निजवलं, कोमट तेल चोळू लागली.

"श्वास घे. छातीत नको गो, हितं. माझा हात वर आला पायजे."

चोळता चोळता तिने विचारलं, "जेवतेस कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर. उरेल ते."

"न् परसाकडं?"

"उजाडायच्या आत. नाहीतर अंधार पडल्यावर."

"मधी लागली तर?"

मी छताकडे पाहिलं आणि रडू फुटलं. तिने हात थांबवला नाही. "रड. पोट सैल पडतंय."

बाहेर येऊन ती सासूबाईंना म्हणाली, "वहिनी, तेल जहाल हाय. भुकेल्या पोटाला सोसायचं नाय. हिला पयला गरम भात वाढायचा, न् परसात माडाच्या झापांचा आडोसा करायचा."

"पुरुषांच्या आधी सून जेवणार?"

"मग धाड माहेरी. तिकडं बरी झाली तर लोक काय बोलतील, ते तूच आयक."

तेल साधं एरंडेल होतं, वासावरूनच कळलं. माझ्या पोटात काही टिकत नाही अशी ख्याती. हे गुपित मात्र टिकलं.

दुखणं पुरतं गेलं नाही, अजून अधूनमधून भेटायला येतं. पण कळा ओसरल्या, माहेरची गोष्ट मागे पडली.

पुढच्या खेपेला सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात पिटाळलं आणि दार लावून घेतलं. आतून आत्याचा आवाज आला, "श्वास घे, वहिनी. किती वरसं दुखतंय?" मग सासूबाईंचा हुंदका आला. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी दोन पानं मांडली गेली, पुरुषांच्या आधी.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आत्या वारली. सावित्री नदीला पूर, आम्हाला जाताही आलं नाही. सासूबाई उंबऱ्यात बसून राहिल्या.

"आता सांगायचं कुणाला?"

मी शेजारी जाऊन बसले. मला चोळता येत नव्हतं, विचारायचं काय तेही ठाऊक नव्हतं.

"मला सांगा," म्हटलं.

त्या बोलू लागल्या.