शिवलीलेचे रविवार

बेंगळूरच्या गवीपुरात कुणालाही विचारा, राजलक्ष्मीअक्का तोंडाची फटकळ म्हणूनच सांगतील. असू दे, सरी. साडेतीनशे वर्षांपूर्वी शहाजीराजांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज बेंगळूरला आले. तेव्हापासून आमची मराठी अर्धी कन्नड झाली, पण आवाज काही कुणी बारीक केला नाही. माझ्याहून फटकळ बाई मला जन्मात एकच भेटली, आणि तीसुद्धा आधी गोगलगाय बनून आली होती. ती म्हणजे आमच्या माडीवरची भाडेकरीण, शिवलीला.

एक्क्याण्णव साल. कुवेतची लढाई नुकतीच संपलेली. माझ्या नवऱ्याच्या ओळखीनं एक जोडपं खोली बघायला आलं. दयानंद, तिशीतला, मूळचा निपाणीचा, कुवेतमध्ये लेथवर काम करायचा. बरोबर बायको शिवलीला आणि तिकडेच जन्मलेली पाच वर्षांची चंदना. कुवेतात सैन्य घुसलं तशी ही माणसं नेसत्या वस्त्रानिशी निघाली, बसनं वाळवंट ओलांडून अम्मानला आणि तिथून विमानानं मुंबईला. मग काही महिने निपाणीला थोरल्या भावाच्या घरी काढले, आणि आता पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात दयानंदाला काम लागलं होतं.

"एवढं भरलं घर सोडून इतक्या लांब कशाला आलात?" मी विचारलं. विचारलं होतं दयानंदाला, शिवलीलाच बोलली.

"अक्का, तितं मी सहा महिनं खिडकीतनं जग बघितलं. आता दारातनं बघायचं हाय."

मी तिथल्या तिथे किल्ली तिच्या हातात ठेवली.

निपाणीच्या त्या घराबद्दल मग हळूहळू कळलं. दयानंदाचे वडील लवकर गेले, त्याला वाढवलं ते थोरल्या भावानं, हंबीररावांनी. तंबाखूचे व्यापारी, वीस माणसांचं खटलं, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्या घरची रीत अशी की थोरल्या दिरासमोर धाकटी भावजय बोलत नाही. पदर कपाळावर ओढायचा आणि काही सांगायचं असेल तर दुसऱ्याच्या तोंडानं सांगायचं. हंबीररावही तिच्याशी थेट बोलत नसत. ती समोर उभी असली तरी म्हणायचे, "तिला सांगा, चहा टाकायला." कुवेतच्या बाजारात एकटी जाऊन मासळीचा भाव पाडणारी बाई ही! परत येऊन ती मुकी झाली होती. वर हंबीररावांनी दयानंदाला सोडताना शब्द घेतला होता, की त्या शहरात पोरीबाळीचं काही वाकडं झालं तर बिऱ्हाड उचलायचं आणि निपाणीला यायचं. दयानंदानं मान डोलावली होती. भावापुढे त्याची मान तेवढीच हलायची, खाली आणि वर.

म्हणजे शिवलीलेचं इथलं राहणं त्या एका शब्दावर टांगलेलं. दुसरी कुणी असती तर पोरीला पदराखाली घेऊन घरात बसली असती. ही बया दर रविवारी सकाळी पुरीभाजीचा डबा बांधायची, नवऱ्याला झोपेतून उठवायची आणि शहर बघायला निघायची. कुवेतच्या आधी तिनं शहर म्हणून पाहिलंच नव्हतं. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात, म्हणून इथंही ती बिनदिक्कत उलट्या बाजूला जाऊन बसची वाट बघत उभी राहायची. पहिल्याच रविवारी निघाले विधानसौध बघायला आणि पोचले बनशंकरीला. मी हसून हसून बेजार. ती म्हणते, "हसताय काय अक्का? देवीचं दर्शन फुकटात झालं की!"

मग लालबाग झालं, अलसूरचं तळं झालं, शिवाजीनगरचा बाजार झाला. एकदा तर बस जाईल तिथवर जायचं म्हणून मारतहळ्ळीपर्यंत गेले. तेव्हा तिथे काय होतं? शेतं आणि म्हशी. संध्याकाळी जिन्यावर बसून तिघं मला सगळं सांगायची आणि चंदना मधेच कन्नडमध्ये "स्वल्प तडी अम्मा", जरा थांब आई, म्हणून तिला गप्प करायची. आमच्या गल्लीतल्या बायका नाकं मुरडायच्या. सगळं बुडवून आलेत आणि चैन बघा! मी एकीला नळावर चांगलंच सुनावलं. म्हटलं, तू जन्मल्यापासून इथं आहेस, तू काय बघितलंस गं? नळ आणि मी!

गणपती होऊन गेल्यावरच्या रविवारी मात्र घात झाला.

कब्बन पार्कात छोट्या आगगाडीत बसून, आइसक्रीम खाऊन ते शिवाजीनगरला परतीच्या बसपाशी आले. आमच्या बसमध्ये बायका पुढच्या दारानं चढतात, गडीमाणसं मागच्या. आणि गर्दी अशी की एकदा चढलं की पुढचं माणूस मागच्याला दिसत नाही. शिवलीला पुढून रेटारेटीत आत घुसली आणि लोंढ्याबरोबर पार मध्यापर्यंत ढकलली गेली. चंदना बापाच्या कडेवर होती. या गर्दीत पोरगी चेंगरेल म्हणून दयानंदानं तिला पुढच्या खिडकीतून आत दिली. खिडकीपाशी मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, टोपली घेतलेली एक बाई बसली होती, तिनं पोरीला मांडीवर घेतलं. यात नवल काही नाही, आमच्याकडे बसलेल्या बाईनं उभ्या बाईचं पोर मांडीवर घ्यायचंच असतं. दयानंदाला वाटलं, शिवलीला तिथेच उभी आहे, तिनं बघितलंय. शिवलीलेला वाटलं, पोर बापाच्या कडेवर आहे. आमच्या रामकृष्ण आश्रमाच्या स्टॉपला ती पुढून उतरली, तो मागून उतरला. दोघांनी एकमेकांचे रिकामे हात बघितले तोवर बस वळण घेऊन गेलेली.

दयानंद रस्त्यातच मटकन बसला. शिवलीला चपला टाकून बसच्या मागे धावली. पुढच्या चौकापर्यंत अनवाणी धावली, मग एका रिक्षाच्या आडवी उभी राहिली आणि आत बसून नुसती बोटानं दाखवत सुटली. हे तिनंच मला सांगितलं. मराठी, कन्नड, अरबी, एकही भाषा आठवेना. फक्त "रेड बस, रेड बस" एवढंच. आणि आमच्या गावातल्या सगळ्या बस लालच!

त्या रिक्षावाल्याचं भलं होवो. त्यानं कत्रिगुप्पेच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत रिक्षा हाणली. तिथे रिकाम्या बसच्या पायरीवर ती फुलवाली बसली होती आणि तिच्या मांडीवर चंदना, डोक्यात हातभर गजरा, तोंडात शेंगदाण्याची चिक्की. बाईला उतरायचं होतं चामराजपेटला, आमच्याही आधी. पोरीला घ्यायला कुणी येईना म्हणून ती उतरलीच नाही. टोपलीतली फुलं तशीच कोमेजायला लागलेली. आणि शिवलीलेला बघितल्यावर ती उठली आणि तिनं कन्नडमधून जे झापायला सुरुवात केली! आई आहेस का कोण आहेस, पोर पोटातून काढलंस की रस्त्यावरून उचललंस! शिवलीलेनं सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग त्या बाईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

इथवर सगळं निभावलं होतं. पण आमच्या दयानंदाला कुठे राहवतंय! सोमवारी कामावरून येताना एसटीडी बूथवर गेला आणि भावाला सगळं सांगून मोकळा झाला. हंबीरराव फोनवर एवढंच म्हणाले, "दिलेला शब्द ध्यानात हाय न्हवं? रविवारी गाडी घेऊन येतो."

त्या आठवड्यात माडीवर भांडी आपटल्याचे आवाज होते, नाहीतर काहीच आवाज नव्हता. "मी न्हाई येणार," शिवलीला म्हणायची. "शब्द दिलाय," दयानंद म्हणायचा. "मग तुमचा शब्द तुमी घेऊन जावा, मला कशाला त्याच्यात बांधताय?" त्यावर तो डबा उचलून कामावर निघून जायचा. मला त्याचा एवढा राग आला होता की मी त्याच्याशी बोलणं टाकलं. माणूस वाईट नव्हता हो, पण बैलासारखा मुका, आणि कासरा पाचशे किलोमीटरवर भावाच्या हातात.

रविवारी सकाळी शिवलीला चंदनाला घेऊन मार्केटला भाजी आणायला गेली होती तेवढ्यात सामान वाहायची मेटाडोर आली. हंबीरराव खाली उतरले. पांढरंशुभ्र धोतर, भरघोस मिशा. बरोबर गुंडू नावाचा ड्रायव्हर. मला नमस्कार केला, चहा नको म्हणाले आणि सरळ सामान चढवायला लावलं. मी फाटकात आडवी उभी राहिले. म्हटलं, माझ्या भाडेकरणीला न विचारता माझ्या घरातली काडी हलणार नाही. हंबीरराव हसून म्हणाले, "भाडं माझा भाऊ देतो, बाई." आणि भाऊ? भाऊ खाली मान घालून गुंडूबरोबर गाद्या वाहत होता. दोघांनी मिळून लोखंडी कपाट मेटाडोरमध्ये चढवलं, त्यावर ट्रंका रचल्या, दोरीनं आवळल्या.

तेवढ्यात शिवलीला गल्लीच्या तोंडाशी आली. तिनं गाडी बघितली, वर रचलेलं सामान बघितलं. पदर ओढला नाही. भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि हंबीररावांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"दया, तिला सांग," हंबीरराव भावाकडे बघून म्हणाले, "पोरीला गाडीत बसव म्हणावं. उन्हाच्या आत निघायचं हाय."

"त्यास्नी कशाला सांगताय भावजी? मी हितं उभी हाय. मला सांगा की."

गुंडूच्या हातातली विडी तशीच राहिली. हंबीरराव क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. सात वर्षं झाली होती लग्नाला, मला वाटतं त्यांनी तिचा चेहरा सरळ असा पहिल्यांदाच बघितला.

"पोरगी हरवलीस तू," अखेर ते तिच्याशीच बोलले. "रक्ताचं माणूस न्हाई हितं तुमचं कोण. उद्या काय झालं तर कुणाच्या तोंडाकडे बघशील?"

"हरवली. माझ्या हातनं हरवली, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ती ज्या गावात हरवली त्याच गावात घावली. ज्या बाईनं सांभाळली तिला माझं नावबी ठाव नव्हतं. धंदा बुडवून बसून राहिली आणि वर मला शिव्या घातल्या. माझ्या आयनं घातल्या असत्या तशा घातल्या. भावजी, तुमच्या घरात मला कुणी कमी केलं न्हाई, पण तितं मी बोललेलं कुणाला ऐकू जात न्हाई. माझी पोर तशी वाढवायची न्हाई मला."

मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, मी आणि चंदना हितंच राहणार. अक्कांच्या फरशीवर झोपू. तुमास्नी जायचं असलं तर जावा, मी पाय धरणार न्हाई." आवाज चढला नव्हता. चंदनानं तिच्या लुगड्याचा घोळ मुठीत धरला होता.

दयानंदानं भावाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. चाकावर पाय ठेवला आणि मेटाडोरवर चढला. म्हटलं, गेला हा मेला, बायकोपोरीला टाकून गेला! शिवलीलेनं डोळे मिटून घेतले.

वर जाऊन तो ट्रंकेवर वाकला आणि दाताखाली धरून दोरीची गाठ सोडायला लागला. एक गाठ सुटली, दुसरी सुटली. पहिली ट्रंक त्यानं उचलून खाली माझ्याच पायाशी ठेवली. गाद्या भिरकावल्या.

"दया!" हंबीरराव गरजले. "खाली उतर."

दयानंद कपाटामागे जाऊन उभा राहिला होता. घामानं निथळत होता. आयुष्यात पहिल्यांदा भावाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "दादा, त्या अंगानं जरा धरा की. जड हाय, माझ्या एकट्याच्यानं उतरत न्हाई."

हंबीररावांचा जबडा हलला, मिशा हलल्या. मग त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि कपाट धरलं.