सासूबाईच्या घट्ट दह्याचं बिंग

बाया हो, आज सकाळपासून माह्यं डोकं सुन्न आहे.

काल दही घट्ट व्हावं म्हणून पोराच्या जिमच्या डब्यातली प्रोटीन पावडर मी दुधात कालवली अन् विरजण लावलं. सकाळी पाहते तर दही रबरासारखं! चमचा मारला तर उसळून राहिलं, जिभेवर नुसतं पिठूळ.

ऐंशीच्या दशकात मी सौंसरहून पांढुर्ण्याले सून म्हणून आली. तवा सासूबाईचं दही सुरीनं कापावं इतकं घट्ट. माह्या दह्याले नेहमी पाणी सुटे. "तुह्या हातालेच गुण नाही," हे मी चाळीस वर्षं ऐकलं.

आज त्यांनी माह्यं ते रबर चाखलं अन् सहज म्हणाल्या, "पावडर लय झाली तुह्यी. मी दोनच चमचे टाकत होती, दुधाची पावडर."

मी वाटी खाली ठेवली अन् इचारलं, "आई, मंग तवा काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर या घरात मले कोणं पुसलं असतं?"

माह्यी सून उद्या माहेरून येऊन राहिली. दुधाच्या पावडरचा पुडा मी दुपारीच आणला. आता तुम्हीच सांगा, तिच्यासमोर ठेवू का लपवू?