मुंगीवाला बकाराम

बकाराम कापगतेबद्दल चांगलं बोलणारे फुलचूरमध्ये ढिगाने आहेत. त्यात माझी भर पडणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

मी गजेंद्र रहांगडाले. अकरा वर्षांपासून गोंदियात पेस्ट कंट्रोलचं काम करतो. आधी झुरळं, वाळवी, ढेकूण. मग फुलचूरकडे बंगल्यांचे लेआउट पडले, लोकांना दारापुढे लॉन पाहिजे झालं, नर्सरीतून गवताच्या लाद्या आल्या आणि लाद्यांसोबत चावऱ्या लाल मुंग्या आल्या. अनवाणी पाय टाकला की आग आग होते आणि दुसऱ्या दिवशी पांढरे फोड येतात. माझी पांढरी व्हॅन आहे, अंगात निळा गणवेश आहे, पाठीवर पंप आहे. बकारामकडे काय? एक जुनी सायकल, खांद्यावर दुपट्टा आणि एक स्टीलचा डबा. लोक मात्र नाव घेतात ते त्याचंच.

तो मूळचा अर्जुनी मोरगावकडचा, कोहळी समाजातला. त्याच्या बापजाद्यांनी तलाव बांधले आणि राखले. पावसाळ्यात बाप त्याला घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर फिरायचा. पाळीत मुंग्यांनी घर केलं की आतून माती पोकळ होते, तिथूनच पाणी झिरपायला लागतं आणि एक दिवस पाळ फुटते. म्हणून पाळीवर मुंगी दिसली की बाप तिला चिरडत नसे, तिच्या मागे मागे जाई. हे सगळं बकारामनेच मला सांगितलं. विचारलं नव्हतं तरी सांगितलं. पुढे गुडघे धरले, शेती भावाकडे दिली आणि तो मुलीकडे, मंजूकडे, फुलचूरला राहायला आला. जावई राइस मिलमध्ये. घरी बसून काय करायचं, म्हणून हा लोकांचं गवत कापायला लागला. गवत कापता कापता माझ्या पोटावर पाय आला.

त्याची कामाची पद्धत पाहिली तर हसू येईल. पहिल्या दिवशी हा काहीच करत नाही. लॉनवर दुपट्टा अंथरून बसतो. मुंग्यांच्या वारुळाला हात लावत नाही, दुसऱ्याला लावू देत नाही. चार ठिकाणी चिमूटभर तेलकट शेव ठेवतो आणि पाहत राहतो. मुंग्यांनी शेव ओढली तर डबा उघडायचा, नाहीतर दुपट्टा झटकून उभं राहायचं.

"आज खाऊन नाई राहिल्या. उद्या येतो."

हे वाक्य मी गिऱ्हाइकाला म्हटलं असतं तर त्याने मला फाटकाबाहेर काढलं असतं. बकारामला चहा मिळतो. कपबशीतून. मी पंप घेऊन आत शिरलो की बाया पदर नाकाला लावून खिडक्या बंद करतात आणि हा आला की नातवंडांना घेऊन गवतावर येतात. माझा जळफळाट होत होता, खोटं कशाला बोलू?

डब्यात काही जादू नव्हती. कृषी केंद्रात मिळणारे विषारी दाणे होते, मी ज्या दुकानातून औषध घेतो तिथलेच. मुंग्या ते खाऊ समजून घरी नेतात, राणीला भरवतात, राणी मरते आणि घर बसतं. पंधरावीस दिवस लागतात. मी हे दाणे वर्षानुवर्षं पाहिले होते आणि कधी घेतले नव्हते. कारण माझ्या फवाऱ्याने मुंग्या तासाभरात मरत. दहा दिवसांनी तीन नव्या ठिकाणी निघत, मग मला पुन्हा बोलावणं येई. त्यात माझं बरं चाललं होतं.

मागच्या दिवाळीनंतर लेआउटच्या सोसायटीची बैठक झाली. अध्यक्ष पुष्पांजलीताई टेंभरे, निवृत्त मुख्याध्यापिका. सोसायटीच्या बागेत खेळताना एका मुलीचा पाय मुंग्या चावून सुजला होता, म्हणून त्या तापल्या होत्या. मला म्हणाल्या, "भैया, आपकी दवाई आठ दिन चलती है." आणि मग सगळ्यांपुढे त्यांनी निकाल दिला. बागेची डावी बाजू गजेंद्रने करायची, उजवी बकारामने. महिन्याने ज्याची बाजू साफ, त्याला सगळ्या लेआउटचं वर्षाचं काम. चाळीस घरं. ती गेली असती तर माझ्या व्हॅनवरचा फोन नंबर पुसून टाकला असता तरी चाललं असतं.

मी ठरवलं, याच्याच पद्धतीने याला हरवायचं. त्याच दुकानातून तेच दाणे आणले. आठवडाभर व्हॅनमध्ये ठेवले, दव कमी होण्याची वाट पाहिली. मग एका कोरड्या संध्याकाळी मी दुपट्टा अंथरून डाव्या बाजूला बसलो. माझी बायको ओमेश्वरी तिथून जात होती, ती तोंड दाबून हसली. मी शेव ठेवली. मुंग्यांनी ती ओढत नेली! मी पटकन दाणे पसरले आणि त्या दिवशी छाती काढून घरी गेलो.

सकाळी पाहतो तर दाणे जिथल्या तिथे. एक मुंगी दाण्यापर्यंत यायची, थांबायची आणि वळसा घालून पुढे जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकले, पुन्हा तेच. पलीकडे बकारामच्या बाजूला दाण्यांची रांगच्या रांग वारुळात शिरत होती. माझी खात्री झाली की त्याने माझ्या बाजूला काहीतरी करून ठेवलंय. मी सरळ जाऊन त्याला धरलं.

"काय टाकलं रे माझ्याकडे?"

तो उठला. गुडघ्यावर हात ठेवून माझ्या बाजूला आला, चार दाणे तळहातावर घेतले आणि नाकाशी नेले.

"गजेंद्रभाऊ, हे दाने कुठी ठेवले होते?"

"व्हॅनमध्ये. डब्यांजवळ."

"फवाऱ्याच्या? मंग कशा खातील जी? फवाऱ्याचा वास येऊन राहिला नं."

मी दाणे नाकाला लावले. काहीच नाही. पिशवी आणली, तिच्यात तोंड घातलं. काहीच नाही. व्हॅनचं मागचं दार उघडून आत डोकं घालून उभा राहिलो. तिथेही काही नाही. कोरडी हवा, बस.

बकाराम माझ्याकडे पाहत होता. त्याच्या तोंडावर हसू असतं तर मला सोपं गेलं असतं.

"कितीक साल झाले फवारनीले?" त्याने विचारलं.

मी व्हॅनचं दार आपटून लावलं. तो जाऊन आपला डबा घेऊन आला आणि झाकण काढून माझ्यापुढे धरला. मी हात घालणार तोच त्याने डबा मागे घेतला.

"रागावू नोका भाऊ. तुमच्या हातालेबी येते."

मग तो स्वतः माझ्या बाजूला वाकून वाकून दाणे टाकत गेला, एकेका वारुळापासून हातभर दूर. मी बाकावर बसून पाहिलं. त्याचे दाणे, त्याचे हात, त्याचे दुखरे गुडघे आणि बाजू माझी. उपकार झाले असं वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं की याला ढकलून द्यावं.

घरी जाऊन ओमेश्वरीपुढे मी हात केले. "वास येते का?"

"आज कायले इचारता?" ती म्हणाली. "रोजच येते. पोरगी म्हनूनच तुमच्या ताटातलं खात नाई."

मला वाटायचं, पोरीला तिखट चालत नाही.

महिना झाला. पुष्पांजलीताई कमिटीची चार माणसं घेऊन आल्या, चपला काढून अख्खी बाग फिरल्या. दोन्ही बाजू साफ. एकही वारूळ नाही. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर होता. मला तो पहिल्यांदाच दिसला.

"गजेंद्रजी, डावी बाजू तुम्हीच केली ना? मला वाटलं नव्हतं हो."

बकाराम दहा पावलांवर उकिडवा बसून गवतातला लव्हाळा उपटत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

"हो, मीच," मी म्हणालो.

चाळीस घरांपैकी वीस माझी झाली, वीस त्याची. टाळ्या वाजल्या. बकारामचा हात थांबला नाही. लव्हाळा निघाला, त्याने मुळाची माती झटकली आणि पुढचा धरला. त्याने एकदा, फक्त एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतं, तर मी त्याच्याशी भांडून मोकळा झालो असतो.