वाढवून दिलेली जागा

सर्व्हरच्या खोलीत शिरण्याआधी ते चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि उजवा तळहात पुढे धरून म्हणायचे, "दमा की जरा, बघालोय." मागे कितीही माणसं खोळंबलेली असोत, हा क्रम चुकत नसे. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल. सगळं सुरळीत असतं तेव्हा तो कुणाला दिसत नाही, आणि काही बंद पडलं की प्रत्येकाला तोच आठवतो.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात ते कॉम्प्युटर सांभाळायचे आणि मी सीटी स्कॅनच्या खोलीत टेक्निशियन होते. मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे. घरी कन्नड, बाहेर मराठी. राहायला जुळे सोलापूरला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. नवराबायको दोघंच, मूलबाळ नव्हतं. दुपारच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ते घरी फोन लावायचे. "ऊट आतेन?" एवढंच विचारायचे. जेवलीस का. पलीकडून काय उत्तर येई ते ऐकू यायचं नाही, पण अण्णांचा पहिला घास त्यानंतरच जायचा.

सर्व्हरची खोली माझ्या खोलीला लागूनच. त्यामुळे एसीच्या गारव्याला आणि अण्णांच्या गप्पांना मी वाटेकरी. एकदा मी त्यांना विचारलं, की या एका कपाटाएवढ्या यंत्राला तुम्ही पाच सर्व्हर कसं म्हणता. त्यांनी सांगितलं, की खरं यंत्र एकच आहे, पण त्याच्या आत पाच कॉम्प्युटर चालतात. त्यांना हात लावता येत नाही, तरी प्रत्येकाचं काम वेगळं आणि प्रत्येकाला तोडून दिलेली डिस्कची जागा वेगळी. एक बिलांचा, एक औषधांचा, एक तपासण्यांचा, असं. त्यातला रुग्णांचे फोटो ठेवणारा सगळ्यात खादाड. "कितीबी वाढा, ताटात काय उरत नाही त्याच्या," ते म्हणायचे.

फोटो म्हणजे एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमा. आमच्याकडे येणारी माणसं त्यांना फोटोच म्हणतात, आणि ऐकून ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो.

त्या फोटोंची जागा पहिल्यांदा संपली तेव्हा मी तिथंच होते. टेबलावर पेशंट झोपलेला, स्कॅन झालेला, पण तो साठवला जाईना. बाहेर नातेवाइकांचा आवाज चढलेला. हॉस्पिटल ज्यांचं होतं ते मोठे डॉक्टर स्वतः खाली आले. त्यांचं म्हणणं साधं होतं: जुने फोटो काढून टाका, कायद्यानं ठेवायचे तेवढे ठेवा. अण्णांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "काढायला मिनिट लागत नाही सर. पण परत आणता येत नाही. मी जागा वाढवून देतो."

त्यांनी आधी सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवली. मग बाहेरून त्या आतल्या कॉम्प्युटरची डिस्क वाढवली. त्यांच्या पडद्यावर आकडा वाढला, पण आमच्या खोलीतल्या पडद्यावर जागा संपल्याची लाल पट्टी तशीच. डॉक्टर म्हणाले, झालं नाही वाटतं. अण्णा म्हणाले, बाहेरून झालंय, आतल्याला अजून ठाऊक नाही. आतल्या कॉम्प्युटरला ती नवी जागा आपली म्हणून धरायला सांगावं लागतं. ते त्यांनी केलं, आणि लाल पट्टी सरकत जाऊन निळी झाली. माझ्या पेशंटचा स्कॅन साठवला गेला. अण्णांनी चहा मागवला आणि डॉक्टरांनीही तो त्यांच्यासोबत उभ्यानंच घेतला.

पुढे एक गोष्ट घडली आणि अण्णांचा हट्ट पक्का झाला. उजनी धरणाच्या काठावरच्या एका गावातून मासेमारी करणारा माणूस आला होता. फुप्फुसात गाठ दिसत होती. बायको जिन्यात बसून रडत होती. मोठ्या डॉक्टरांनी नाव शोधायला सांगितलं, तर त्याचा कितीतरी वर्षांपूर्वीचा एक स्कॅन सापडला. होडीतून पडून बरगड्या मोडल्या होत्या तेव्हाचा. त्या स्कॅनमध्येही ती गाठ होती, तेवढीच आणि तिथंच. जुन्या आजाराचा व्रण होता तो. डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं आणि स्वतः सर्व्हरच्या खोलीत येऊन अण्णांना ही बातमी दिली. मी अण्णांना त्या दिवशी पाहिलं. ते हसले नाहीत. चष्मा काढून हातात धरून उभे राहिले, पुसायचं विसरून.

त्यानंतर काही काढून टाकायचा विषय निघाला की ते खोलीतून बाहेरच जायचे.

पण यंत्रातली खरी जागा तर तेवढीच होती. नव्या डिस्क मागवायच्या म्हणून अण्णांनी सांगून ठेवलं होतं, आणि पुढच्या महिन्यात बघू असं उत्तर त्यांना मिळत होतं. नव्या इमारतीचं काम निघालं होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे. तोवर अण्णांनी एक वाट काढली. आतल्या कॉम्प्युटरना ते नसलेली जागा दाखवू लागले. यंत्रात तशी सोय असते. प्रत्येकाला भरपूर जागा दाखवायची, कारण सगळे एकाच वेळी ती भरत नाहीत. खाली खरी डिस्क किती उरली यावर मात्र कुणीतरी रोज नजर ठेवावी लागते. अण्णा सकाळी आल्या आल्या तेच बघायचे. बॅकअपसाठी, म्हणजे दुसरी प्रत ठेवायला, राखलेली जागासुद्धा त्यांनी फोटोंना देऊन टाकली. मला ते एकदा म्हणाले, "कागदावर वाढवालोय ओ ताई. खाली काय नाही." मी विचारलं, मग कसं होणार. ते म्हणाले, नव्या डिस्क येईपर्यंत मी बघतो की रोज.

आणि मग त्यांच्या बायकोला कर्करोग निघाला.

वहिनींचा स्कॅन मीच केला. त्या मला ताईच म्हणायच्या, वयानं मोठ्या असून. टेबलावर झोपताना त्यांनी बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि विचारलं, की यांचं काम इथं असतं ना, पलीकडं. मी हो म्हटलं. अण्णा बाहेर बाकावर बसले होते. शेजारच्या खोलीत बसून त्यांना तो फोटो सहज उघडता आला असता. त्यांनी उघडला नाही. डॉक्टरांनी बोलावलं तेव्हाच आत गेले.

उपचार बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात सुरू झाले. अण्णा पहाटेच्या एसटीनं वहिनींना घेऊन जायचे, नाहीतर तिथंच मुक्काम. सुरुवातीला ते तिथून फोनवर आमच्यातल्या कुणाला तरी उरलेल्या डिस्कचा आकडा वाचून दाखवायला लावायचे. मग त्यांचे फोन कमी होत गेले. कामावर एक दुसरा मुलगा त्यांच्या जागी बसत होता, पण त्याला प्रिंटर आणि पासवर्ड एवढंच ठाऊक. दोष त्याचा नव्हता.

एका भर दुपारी सगळं एकदम थांबलं. एकटा फोटोंचा सर्व्हर नाही, पाचही. बिलं थांबली, औषधं थांबली, तपासण्यांचे निकाल दिसेनात. खालची खरी डिस्क काठोकाठ भरली होती. अण्णा संध्याकाळी एसटीनं आले. चष्मा पुसला नाही, दमा म्हणाले नाहीत. सरळ आत गेले. चार सर्व्हर त्यांनी उभे केले. पाचवा, फोटोंचा, तोही उभा राहिला, पण तो मध्येच लिहिता लिहिता तुटला होता. अलीकडच्या काही आठवड्यांचे फोटो उघडेनात, आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती.

डॉक्टर ओरडले नाहीत. लेखी रिपोर्ट सगळे शाबूत आहेत, उपचार अडणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. डिस्कची मंजुरी आपल्याच टेबलावर पडून होती, हेही म्हणाले. अण्णांनी मान हलवली, पण ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या खोलीतल्या खुर्चीवर बसून एकेका रुग्णाला फोन करू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. दक्षिणेकडच्या लोकांशी कन्नडमध्ये, शहरातल्या विणकर घरांशी मोडक्या तेलुगूत, बाकीच्यांशी मराठीत. तुमचा फोटो आमच्याकडून खराब झाला, लागलाच तर परत काढून देऊ, चूक माझी आहे. काही चिडले. बहुतेकांना काय झालं तेच कळलं नाही, पण कुणीतरी आपुलकीनं फोन केला म्हणून ते घरचं सांगत बसले.

एका फोनवर मुलगा होता. त्याच्या वडिलांचा स्कॅन आम्ही केला होता. अण्णांनी आपलं नेहमीचं सांगितलं, लागला तर घेऊन या म्हणाले. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, इतकी खोली शांत होती.

"वडील गेले की ओ," तो म्हणाला. "आता कुणाला घेऊन येऊ?"

अण्णा म्हणाले, "चुकलं माझं." पलीकडून फोन ठेवला गेला तरी त्यांनी कानाजवळचा हात खाली घेतला नाही. त्या वडिलांचा आजार आधीच हाताबाहेर गेला होता, रिपोर्टही वेळेवर गेला होता, फोटोचा त्यात संबंध नव्हता. हे मी सांगितलं, डॉक्टरांनीही सांगितलं. अण्णांनी उरलेले फोन पूर्ण केले आणि राजीनामा दिला. डॉक्टरांनी तो ठेवून घेतला आणि रजा म्हणून लिहिलं. अण्णा परत आले नाहीत. आता ते काम पुण्याची एक कंपनी दुरून बघते. सर्व्हरच्या खोलीला कुलूप असतं.

उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. शेवटी वहिनींना गावीच राहायचं होतं म्हणून अण्णा त्यांना तिकडं घेऊन गेले होते. मी भेटायला गेले तेव्हा अण्णा ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली. पाणी आणायला उठले आणि स्वयंपाकघरात बराच वेळ तांब्या शोधत राहिले. हॉस्पिटलचं एक अक्षर विचारलं नाही.

मग आपणहून बोलले. "सगळं बंद पडलं त्या दिवशी बार्शीत ती मला म्हणाली, तुम्ही सोलापूरला जाऊन या, बरेच दिवस बघितलं नाही तुम्ही. मलाबी ठाऊक होतं भरत आलंय ते. निघालो पण होतो. पायात चप्पल होती. मग म्हणलं, आज नको. बसलो तिच्याजवळ."

त्यांनी तांब्या माझ्याकडे सरकवला.

"सगळे म्हणतात चूक झाली. झालीच की," ते म्हणाले. "पण तेवढा एक दिवस ती लई बोलली ओ ताई. त्यानंतर बोललीच नाही."

ऊन उतरायच्या आत मी निघाले. नको म्हटलं तरी ते फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटी आली, मी चढले, खिडकीतून हात केला. त्यांनीही केला. गाडी सुटली तरी ते घराच्या वाटेला वळले नाहीत. थांब्याच्या सिमेंटच्या कट्ट्यावर जाऊन बसले, एखाद्या गाडीची वाट बघावी तसे. त्या रस्त्याला त्या दिवशी दुसरी गाडी नव्हती.