धुतलेला सदरा

ताई कपडे धुवून, इस्त्री करून पोट भरायची. तिच्या हातून डागाचा कपडा कधी बाहेर गेला नाही, आणि हे गिऱ्हाइकाला दोनदा ऐकवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. गोदामातल्या चोरीच्या संशयावरून त्याला उचलून तुरुंगात टाकलं होतं. खटला अजून उभासुद्धा राहिला नव्हता. अशाला कच्चा कैदी म्हणतात. कैद कच्ची असली तरी मार पक्काच मिळतो, त्याला निकाल लागत नाही.

कच्च्या कैद्याला घरचे कपडे चालतात. दर आठवड्याला ताई तुरुंगाच्या फाटकावर धुतलेले द्यायची, मळके घ्यायची. या खेपेला भेट दिली नाही. शिपायानं नुसती पिशवी पुढे ढकलली आणि खिडकी लावून घेतली.

घरी तिनं पिशवी बादलीत उलटी केली. सदऱ्याच्या पाठीवर तपकिरी पट्टे होते, वाळून कडक झालेले. विजारही मागून तशीच. रक्ताला गार पाणी, हे हातांना पाठ. साबण लागला, चोळून झालं, पाणी लाल झालं, तेव्हा कुठे डोकं जागेवर आलं. ओला सदरा तसाच घेऊन ती भावाच्या वकीलबाईंकडे पळत सुटली.

"ताई, हाच तर पुरावा होता हो."

"डाग दिसला, काढला. जन्मभर दुसरं काय केलंय मी?"

"असू दे. उद्या कोर्टात तारीख आहे. मारलं म्हणून त्यानं तोंडानं सांगितलं, की न्यायाधीशांना डॉक्टरी तपासणी लावावीच लागेल. वळ जायच्या आत."

"सांगेल की. तोंडाला त्याच्या कधी कुलूप नव्हतं."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात भाऊ बेडी घालून उभा होता. शेजारचा बाक रिकामा. ताई दिसली तशी त्यानं मान फिरवली.

"काळजी सोडा ताई," तुरुंगाचा हवालदार हसत म्हणाला. "आपलाच आहे तो. संध्याकाळी मुक्कामाला परत आमच्याकडेच." आणि त्यानं भावाची पाठ थोपटली. भावानं डोळे गच्च मिटले.

आत न्यायाधीशांनी विचारलं, "काही तक्रार?"

भावाच्या मागे हवालदार खेटून उभा.

"नाही साहेब."

वकीलबाईंनी ताईकडे पाहिलं. बोलावं, तर आजची रात्र तो त्यांच्याच हातात. न बोलावं, तरी त्यांच्याच हातात. ती उठली.

"साहेब, त्याला बसायला सांगा."

"तुम्ही कोण?"

"बहीण. सकाळपासून उभाच आहे तो. नुसतं बसायला सांगा."

"बस रे," न्यायाधीश म्हणाले.

भाऊ वाकला, अर्ध्यावर थांबला, कठड्याला धरून परत सरळ झाला. दोनदा. तिसऱ्यांदा न्यायाधीशांनीच हात वर करून त्याला थांबवलं.

तपासणीचा हुकूम निघाला. तुरुंग बदलून मिळावा हा वकीलबाईंचा अर्ज मात्र पुढल्या तारखेवर गेला. बाहेर येताना भाऊ तिच्या कानाशी पुटपुटला, "काय करून बसलीस ताई? आता सोडायचे नाहीत मला."

दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीचं दार लागलं. हवालदार दाराशी उभा राहिला. आता तो हसत नव्हता.

"घरी जा, बाई. काम झालं तुमचं."

"नाही जात," ती म्हणाली, आणि त्याच्या बुटांशेजारी फरशीवर बसली.