नदीतल्या खडकावर सुस्वागतम

लग्न झाल्यापासून माझ्या सासऱ्यांनी आमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. लेकीला लेकरू होईस्तोवर बापाने तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, ही रीत पैनगंगेच्या अलीकडे आमच्यात आहे आणि पलीकडे वऱ्हाडात त्यांच्यातही आहे. फरक एवढाच, की इतर लोक रीत पाळतात आणि माझे सासरे तिला जपायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जपावं तसे. बाजाराला आले की लेकीला भेटायला यायचे. ओट्याच्या पायरीवर टेकायचे, गाईम्हशींपासून गुडघेदुखीपर्यंत सगळी खुशाली विचारायचे, आणि मग उठून समोरच्या हॉटेलात जाऊन तांब्याभर पाणी प्यायचे. बायको चौकटीला धरून बघत राहायची. एकदा एवढंच म्हणाली, "माह्या दारातून माहा बाप तहानलेला जाते."

रीत मोडणं माझ्या हातात नव्हतं आणि लेकरू होणं तर कोणाच्याच हातात नसतं. पण बायकोच्या डोक्यात एक वाट आली. आमचं वावर नदीच्या काठावर, सेनगावच्या बाजूला डोंगर उतरत उतरत पाण्यापर्यंत येतात तिथं. नदीच्या पलीकडच्या काठापासून चालत गेलं की तिचं माहेर. तिने निरोप धाडला, की हुरड्याला वावरात या, एक रात्र नदीकाठी मुक्काम करू, वावर म्हणजे काही घर नव्हे. सासऱ्यांनी म्हणे दोन दिवस विचार केला. गावातल्या जाणत्यांना विचारलं. मग उलटा निरोप आला: येतो, पण डोक्यावर छप्पर नको. उघड्यावर बसू, उघड्यावर खाऊ, उघड्यावर झोपू.

म्हणजे मला करायचं काय होतं? काहीच नाही. आणि काहीच न करणं हे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

त्यात माझा धंदा आडवा आला. साखऱ्याच्या रस्त्यावर माझं बिछायत केंद्र होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि आसपासच्या खेड्यांत लग्न असो, बारसं असो की बुद्धजयंतीची सभा असो, मंडप माझा असायचा. मोकळी जागा दिसली की माझे हात शिवशिवायचे. कोणाचं अंगण बघितलं तरी मी मनात खांब रोवायचो. आता खुद्द सासरे येणार, तेही पौषातल्या थंडीत. त्या दिवसांत नदीकाठी पहाटे असा गारठा पडतो, की बैलसुद्धा गोठ्यातून उठायला नाही म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला उघड्यावर झोपवायचं? लोक काय म्हणतील, मंडपवाल्याचा सासरा थंडीने काकडला?

बायको सकाळीच वावरात गेली होती, ज्वारीच्या टपोऱ्या कणसांची निवड करायला. मी मागून बैलगाडी घेऊन निघालो. गाडीत काय आहे ते तिला आधी दिसू नये म्हणून वरून कडबा टाकला होता. ती वरच्या अंगाला कणसं मोडत होती, तोवर मी काठावर सपाट जागा धरून कामाला लागलो. आधी वाटलं, वाऱ्याच्या बाजूने एक कनात लावू, नुसता आडोसा. एक लावल्यावर दुसरी बाजू उघडी दिसायला लागली. दुसरी लावल्यावर तिसरी. चारही बाजू झाल्यावर वरतून दव पडेल, म्हणून कापड ताणलं. कापड ताणलं की कडा बोडक्या दिसतात, म्हणून लाल-पिवळी झालर. पुढं पडदा. पडद्यावर आंब्याच्या पानांचं तोरण. आणि शेवटी गाडीत राहिली होती ती 'सुस्वागतम' लिहिलेली लांब फळी. ती परत नेऊन काय करायचं? तीही ठोकली.

बायको कणसांचं टोपलं डोक्यावर घेऊन खाली आली आणि जागीच थांबली. मला वाटलं, खूश झाली.

"हे काय हाय?"

मी म्हणालो, नुसता आडोसा आहे. तिने तोरणाकडे बघितलं, झालरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ज्या नजरेने माणूस दुधात तोंड घातलेल्या मांजराकडे बघतं, तशी ती नजर होती. काढा म्हणाली. मी दोऱ्या सोडायला वाकलो, तेवढ्यात पलीकडच्या काठावर पांढरं धोतर दिसलं. वेळ निघून गेली होती.

सासरे धोतर वर खोचून, खांद्यावर घोंगडी टाकून पाण्यात उतरले. हिवाळ्यात तिथं पाणी जेमतेम गुडघ्याला. नदीच्या मध्यावर एक काळा रुंद खडक आहे, बाया त्यावर धुणं धुतात. सासरे तिथपर्यंत आले, खडकावर चढले आणि थांबले. डोळ्यांवर हात धरून माझ्या कामगिरीकडे बघत राहिले.

"जावाईबापू," ते म्हणाले, "हे काय करून ठेवलं?"

आता इथं गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. कापड आहे, वाळत घातलंय, काहीही म्हणता आलं असतं. पण मी धंद्याच्या सवयीने कमरेत वाकलो, हात पुढे केला आणि म्हणालो, "या मामा, तुमच्यासाठी खास घर केलं."

बायकोने कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

सासरे खडकावर बसले. शांतपणे, नदीत पाय सोडून. मग म्हणाले, की चार भिंती हाय, दार हाय, तोरण हाय, आणि खुद्द घरधनीच म्हणते, की घर हाय. मंग मी कसा येऊ? रागावले नव्हते. उलट त्यांना वाईट वाटत होतं, माझ्यासाठी. लेकीची चौकशी त्यांनी तिथूनच ओरडून केली, आणि आमच्या चुलीत भाजणाऱ्या वांग्यांचा वास येतो का हेही सांगितलं. येत होता.

मी मोठ्याने म्हणालो, घर तर घर, आत्ता मोडतो. आणि खांबाच्या दोरीला हिसका दिला. मंडप उभारायला शिकायला मला वर्षं लागली, पाडायला काहीच नाही लागलं. चुकीची दोरी ओढली होती. सगळं वरचं कापड, झालर, तोरण माझ्या अंगावर आलं. मी आतून चाचपडत बाहेरची वाट शोधू लागलो. मला वाटलं मी वावराकडे चाललोय. पाय पाण्यात पडले तेव्हा कळलं, नदीकडे चाललोय. लाल-पिवळ्या झालरीत गुरफटलेला मी तसाच पाण्यात बसलो. खडकावरून हसण्याचा आवाज आला. सासऱ्यांना एवढं हसताना मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

डोक्यावरचं कापड काढून मी म्हणालो, "झालं मामा. घर गेलं. आता या."

सासऱ्यांचं हसू थांबलं. त्यांनी मान हलवली. आता तर मुळीच यायला जमणार नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. आधी नुसतं लेकीचं घर होतं. आता ते मोडलेलं घर होतं. "लेकीचं घर मोडलं अन् बाप तिथंच जेवाले बसला, असं लोक म्हणतीन. मले नाई जमत." आणि मला उलट विनंती केली, की अपशकुन आहे, आधी ते होतं तसं उभं करा.

म्हणजे जे उभं केलं म्हणून ते येईनात, तेच मला पुन्हा उभं करावं लागलं. ओलं कापड पिळून, थंडीने दात वाजवत, सासऱ्यांच्या देखरेखीखाली. डावा खांब तिरपा हाय, असं ते खडकावरून सांगत होते. तोरण पुन्हा बांधून घेतलं. सुस्वागतमची फळी तेवढी निखळून वाळूत पडली होती, ती राहिली.

ऊन डोंगरामागे उतरायला लागलं. बायको चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिने हुरडा भाजायची आगटी पेटवली नव्हती. गोवऱ्या रचून ठेवलेल्या, शेजारी कणसांचं टोपलं, स्वतः पेरलेल्या ज्वारीचं. मी जवळ गेलो तर ती रडत नव्हती, नदीकडे बघत होती.

मग तिने तोंडाभोवती हात धरून बापाला विचारलं, "बाबा, तुमी बसले तो खडक कोणाचा?"

सासऱ्यांनी खडकाकडे बघितलं. काठावरचं वावर आमचं. पलीकडची वाळू त्यांच्या गावची. नदीच्या मधून मराठवाडा संपतो आणि वऱ्हाड लागतं, पण नेमकं कुठून, हे कोणी पाण्यावर रेघ मारून दाखवलेलं नाही. त्यांनी आधी आमचा काठ बघितला, मग आपला. मी काठावर उभा होतो, जावई कमी आणि भिजलेलं मांजर जास्त.

"कोणाचाच नाई, माय," ते म्हणाले.

बायको उठली. आगटी धडधडून पेटली. पण नवी अडचण अशी, की हुरडा गरमच खायचा असतो. आगटीतून कणीस काढलं की लगेच तळव्यावर चोळायचं आणि लगेच तोंडात टाकायचं. आगटी काठावर आणि सासरे नदीत. मधलं अंतर कोणी तोडायचं, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. बायको चटणीची वाटी, गूळ, भरीत आणि भाकरी घेऊन खडकावर जाऊन बसली. खडक गार म्हणून तिने मला ती सुस्वागतमची फळी आणायला लावली, आणि बापाला तिच्यावर बसवलं, पाटावर बसवतात तसं. मग मी आगटीतून कणसं काढायची, उपरण्यात गुंडाळायची आणि पाण्यातून पळत न्यायची. बायको चोळायची आणि गरम दाणे बापाच्या हातावर ठेवायची.

पहिल्या खेपेला मी शेवाळावरून घसरलो आणि कणसं वाहून गेली. सासरे म्हणाले, जाऊ द्या, खालच्या गावाची पोटं भरतीन. दुसऱ्या खेपेपासून मी शहाणा झालो आणि हळू चाललो, तर बायको म्हणाली थंड झाले. मग मला एक चाल सापडली, ना पळणं ना चालणं, बगळ्याने घाईत असावं तशी. त्या चालीची नक्कल सासऱ्यांनी पुढं त्यांच्या गावात कित्येकदा करून दाखवली असं मला कळलं.

आणि मग ते झालं. भाकरीचा शेवटचा तुकडा संपवून सासऱ्यांनी ओंजळ पुढं केली, आणि बायकोने तिच्या तांब्यातलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं. ते पाणी त्याच नदीचं होतं. तिने तांब्या रिकामा होईपर्यंत ओतलं आणि ते पीतच राहिले, तहान केव्हाच भागली असेल तरी.

मुक्कामाचा प्रश्न सोपा होता. सासरे त्यांच्या काठच्या वाळूत शेकोटी करून झोपले, आणि लेक माहेरी जाते तशी त्यांच्या घोंगडीत शिरली. मी माझ्या महालात एकटा. कापड ओलं, गाद्या ओल्या, वरून झालर ठिबकत होती. सकाळी डोळे उघडले तर नदीवर धुक्याचा असा जाड पडदा, की माझ्याकडच्या कुठल्याच कनातीला त्याची सर यायची नाही. धुक्यातून चहाचा वास आला. मग सासऱ्यांचा आवाज आला, "घरधनी, उठले का? का अजून पाव्हण्याची वाट बघून राहिले?"

मी चहा प्यायला बगळ्याच्या चालीनं पलीकडे गेलो. शेकोटीपाशी बापलेक एकाच घोंगडीत बसली होती आणि मला जागा करून देण्याचा दोघांचाही विचार दिसत नव्हता.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. सासरे पहिल्यांदा घरात जेवायला येणार, म्हणून बायकोने मला आधीच बजावलं, की एका खांबाला, एका दोरीला, एका खिळ्याला हात लावायचा नाही. मी लावला नाही. घर साधं ठेवलं, मोकळं. सासरे नातीसाठी टोपडं घेऊन आले, उंबऱ्यापाशी थांबले, आणि वर बघून म्हणाले, "जावाईबापू, झालर काहून नाई लावली? मी साऱ्या गावाले सांगून आलो, की झालरीखालून आत जाणार हाय."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मानेनेच होकार दिला. मी दुकानाकडे पळालो. परत येऊन स्टुलावर चढून झालर बांधेपर्यंत सासरे उंबऱ्याबाहेर उभे राहिले, नातीला खांद्यावर घेऊन, मला डावीकडून वर घ्या म्हणून सांगत. मग खाली वाकून आत आले आणि आधी पाणी मागितलं.