साडभाऊंचं रडार

जमिनीच्या पोटातलं सगळं ज्याला कळतं आणि जमिनीवरचं काहीच कळत नाही, असा माणूस भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. निवृत्त होऊन जवाहरनगरच्या कारखान्याचं क्वार्टर सोडून गावी येताना लोक फ्रिज आणतात. यांनी सर्व्हेवाल्यांनी मोडीत काढलेलं, जमिनीत लहरी सोडून खालचं पाणी दाखवणारं रडार आणलं. दिसायला ते गवत कापायच्या यंत्रासारखं, आणि स्वभाव नव्या जावयाचा, ऊन लागलं की रुसायचं. मग साडभाऊ त्याच्यावर छत्री धरत आणि स्वतः घामाने निथळत आमच्या आसगावच्या धानाच्या बांध्यांतून ते ओढत फिरत. कोणाकडेही गेले की आधी अंगणाखाली माती कोणती ते विचारत, मग माणसांची तब्येत. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मांडवाखाली ओल दिसते म्हणून ऐन मंगलाष्टकात त्यांनी वऱ्हाड बाजूला सरकवलं होतं. आमच्या अंगणात ‘पाणी’ सापडलं म्हणून खणलं, तर सासूबाईंची हरवलेली, पाणी भरायची पितळेची गुंडी निघाली. तीही कोरडी.

गेल्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. बाया लांबून डोक्यावर पाणी आणू लागल्या. ग्रामसभेत साडभाऊ उभे राहिले. म्हणाले, “चिकणमातीत हे यंत्र आंधळं हाये, पण नाल्याकाठी रेती हाये. तिथं पंधरा फुटावर पाणी दिसून राहिलं.”

मीच मागून म्हणालो, “साडभाऊ, गुंडी निघाली त आमची हाये बरं.”

सभा हसून लोळली, आणि काम नारळवाल्या बुवाकडे गेलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून बुवा गावभर फिरला आणि नारळ उभा राहिला तो नाल्याकाठी. तिथे विहीर खणली आणि पंधरा फुटांवर पाणी लागलं. हीच जागा साडभाऊंनी सांगितली होती, हे हसण्याच्या भरात कोणालाच आठवलं नाही. बुवाला शेला मिळाला. सगळ्यांत जोरात टाळ्या साडभाऊंच्या. मी डिवचलं, “आता पटलं न नारळाचं?”

“पटलं बा,” ते म्हणाले.

पुढे ते पुण्याला मुलीकडे राहायला गेले आणि रडार माझ्या गोठ्यात आलं. परवा बुवा भेटला. मान खाली घालून म्हणाला, “त्या जागेवर तुमच्या साडभाऊनं आदल्या दिवशीच खुंटी ठोकली होती. हात जोडून म्हणे, माह्या यंत्रावर कोणी इस्वास ठेवत नाही, तुमच्या नारळावर ठेवतेत. बाया पाण्यापायी मरून राहिल्या, इथंच उभा करा. तो शेला मले टोचून राहिला, भाऊ.”

मला माझी लाज वाटली. माफी मागायला फोन केला, तर त्यांनी बोलूच दिलं नाही. “नव्या विहिरीत पाणी किती हाये?”

“दोन पुरुष खोल.”

मग म्हणाले, “यंत्रावर छत्री धरता न?”

मी हो म्हणालो, आणि फोन ठेवून गोठ्यात जाऊन रडारवर बसलेली कोंबडी उठवली.